मोडीचा भाव आणि नाण्याचा भाव

नगरच्या सराफ बाजारात जुन्या चांदीच्या रुपयाला पिढ्यानपिढ्या एकच भाव मिळत आला, मोडीचा. पाथर्डी-जामखेडकडची एखादी म्हातारी मुलीच्या लग्नासाठी नाहीतर विहिरीच्या कामासाठी कनवटीची पुरचुंडी सोडायची. सराफ रुपये वजनाला टाकायचा, घट धरायचा, हिशेब करायचा, आणि संध्याकाळी ते रुपये मुशीत जायचे. राणी छाप, एडवर्ड, पंचम जॉर्ज सगळे एकाच तागडीत. मधूनच फारसी अक्षरांचा जाडसर, ओबडधोबड रुपया निघे. तोही त्यांच्याबरोबर आटला जाई.

त्या ओबडधोबड रुपयांत या जिल्ह्याचा इतिहास होता. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने 1490 मध्ये हे अहमदनगर शहर वसवले, पण निजामशाहीची नाणी मुख्यतः तांब्याची. इथल्या टांकसाळीचा चांदीचा रुपया खऱ्या अर्थाने सुरू झाला तो ऑगस्ट 1600 मध्ये अकबराच्या फौजेने किल्ला घेतल्यानंतर. अकबर, जहांगीर, औरंगजेब यांच्या रुपयांवर ‘अहमदनगर’ हे टांकसाळीचे नाव फारसीत वाचता येते. औरंगजेब मार्च 1707 मध्ये भिंगारजवळ वारला. त्याचा मुलगा आझमशाह याने इथेच स्वतःला बादशहा म्हणवून घेतले आणि तीन महिन्यांत जाजऊच्या लढाईत मारला गेला. इतक्या अल्प कारकिर्दीमुळे त्याची नाणी आज दुर्मिळ आहेत. 2024 मध्ये जिल्ह्याला ज्यांचे नाव मिळाले त्या अहिल्याबाई होळकर जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. त्यांच्या महेश्वर टांकसाळीच्या रुपयांवर शिवलिंग आणि बेलाचे पान आहे. नाव मात्र शाहआलम बादशहाचे. एका नाण्यावर एवढे राजकारण मावते, आणि मुशीत ते एका घटकेत विरघळते.

घरोघरी सापडतो तो रुपया मात्र बहुधा इंग्रजी अमलातला. 1835 पासून त्याचे वजन ठरलेले होते, 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात चांदी 91.7 टक्के. लोकांनी तो साठवला याला कारण आहे. दुसऱ्या महायुद्धात, 1940 पासून, सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि 1941 ते 1943 या काळात जुने शुद्ध रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून काढून घेतले. नेहरू नगरच्या किल्ल्यात कैदेत बसून ग्रंथ लिहीत होते त्या वर्षांत किल्ल्याबाहेरच्या बाजारात निम्म्या चांदीचा रुपया फिरत होता. जुना शुद्ध रुपया ज्याला परत करायचा नव्हता त्याने तो मडक्यात, कणगीत, देव्हाऱ्यात ठेवला. पुढे विक्रीला येत राहिले ते हेच रुपये.

मोडीपलीकडचा भाव सामान्य माणसाच्या नजरेत आला तो 2000 नंतर. त्याआधी जाणते संग्राहक होतेच. पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांना नगरची माणसे जात, नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था ऐंशीच्या दशकापासून काम करत होती. पण ते वर्तुळ लहान होते. 2000 मध्ये बाझी डॉट कॉम ही ऑनलाइन खरेदी-विक्रीची साइट सुरू झाली, 2004 मध्ये ती ईबेने विकत घेतली, आणि श्रीरामपूर-संगमनेरमध्ये बसून माणूस कोलकात्याच्या गिऱ्हाइकाला नाणे विकू लागला. भारतातली ईबेची साइट ऑगस्ट 2018 मध्ये बंद झाली, तोवर मुंबई, अहमदाबाद, बंगळुरूच्या लिलावगृहांनी आपले कॅटलॉग इंटरनेटवर आणले होते. प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र, वजन, टांकसाळ, वर्ष, अंदाजी किंमत, बोली घरबसल्या.

या व्यवहाराने पैशापेक्षा मोठे काम केले, त्याने लोकांना नाणे वाचायला शिकवले. 1862 साल छापलेले राणीचे रुपये 1874 पर्यंत पाडले जात होते आणि खरे वर्ष बारीक ठिपक्यांवरून ओळखावे लागते, हे आता तालुक्याच्या गावी बसलेला पोरगाही भिंग घेऊन पाहतो. 1911 च्या रुपयावर राजाच्या गळ्यातल्या साखळीतला हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून गदारोळ झाला, वाटले न गेलेले बहुतेक रुपये परत आटवले गेले. म्हणून त्या वर्षाचा रुपया वेगळा काढायचा. 1939 चा रुपया फार थोडा बाहेर पडला, म्हणून 1938 च्या आठाचा नऊ करणारे कारागीरही निघाले. आणि टांकसाळीचे नाव पूर्ण उमटलेला मोगली रुपया अर्धवट नाव असलेल्या रुपयापेक्षा महाग जातो, हे कळल्यापासून ‘अहमदनगर’ ही फारसी अक्षरे कुणी आटवायला देत नाही. माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांतली ही सर्वांत चांगली गोष्ट.

नुकसानही झाले, आणि ते बरेचसे प्रेमापोटी झाले. विकायच्या आधी रुपया लख्ख करायचा म्हणून चिंचेने, राखेने, दंतमंजनाने घासायचा ही आपली सवय. चांदीवर शंभर वर्षांत चढलेली काळसर झाक हीच संग्राहकाच्या लेखी अस्सलपणाची खूण असते. ती गेली की किंमत कोसळते. माळेसाठी कडी डागलेल्या रुपयांचेही तेच. फसवणूक तर विचारू नका. जुने नाणे द्या, लाखो रुपये घ्या, आधी फक्त शुल्क भरा, अशा जाहिराती इतक्या वाढल्या की ऑगस्ट 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर इशारा द्यावा लागला: बँक असे व्यवहार करत नाही आणि तिच्या नावाने शुल्क घेण्याचा अधिकार कुणालाही दिलेला नाही.

आता चांदीच्या भावाने चक्र उलटे फिरवले आहे. एका शुद्ध रुपयात सुमारे 10.69 ग्रॅम चांदी असते. ऑक्टोबर 2024 मध्ये चांदी किलोला लाखाला पोचली तेव्हा त्या रुपयातल्या धातूचेच हजारावर पैसे होत होते. 2025 च्या डिसेंबरात भाव दोन लाखांवर गेला, म्हणजे एका रुपयाला दोन हजारांपेक्षा जास्त. झिजलेल्या पंचम जॉर्जला संग्राहक जेवढे देईल त्याहून मूस जास्त देते, असे झाले की सराफाला दोष कसा द्यायचा? साधी, नेहमीची नाणी भराभर आटत आहेत. आज जी साधी वाटतात, तीच पुढच्या पिढीला शोधून सापडणार नाहीत.

विकणाऱ्याने कायदाही समजून घेतला पाहिजे. 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचे नाणे खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही आणि त्याचा धंदा करायला परवाना लागतो. ही शंभर वर्षांची रेघ दरवर्षी पुढे सरकते. पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया 1922 पर्यंत निघाला, म्हणजे तो सगळाच आता पुरावशेष झाला. परदेशातून चांगली बोली आली म्हणून पाकिटात घालून टपालाने धाडणारा गुन्हा करतो.

जमिनीत सापडलेल्या ठेव्याला 1878 चा निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडले तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचे, न कळवल्यास हिस्सा जातो आणि वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. पण हा ठेवा सरकारने घ्यायचा ठरवला तर देते काय? धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा. म्हणजे दीडशे वर्षे सरकारही मोडीचाच भाव देत आले आहे. नांगराला लागलेले मडके शेतकरी रातोरात का पांगवतो, याचे उत्तर इथे आहे. लिलावात बाजारभाव मिळतो, परवानाधारक लिलावगृहाचा कॅटलॉग कुणालाही पाहता येतो, मग सरकारने तोच भाव प्रमाण मानून सापडणाऱ्याला पैसे द्यायला हरकत कसली? हा कायदा बदलायला हवा.

कारण नाणे पांगले की त्याचा पत्ता हरवतो. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला 1906 मध्ये क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी एकत्र मिळाली. त्यातल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला होता. सातवाहनांनी क्षत्रपांचा पाडाव केल्याची ती धातूतली साक्ष. ती साक्ष ठरली, कारण ठेवा एका जागी आणि मोजून हाती आला. तीच नाणी सुटी सुटी विकली गेली असती तर प्रत्येकाला पैसे मिळाले असते, इतिहास कुणालाच मिळाला नसता. आपल्याच जिल्ह्यातल्या दायमाबादची ब्राँझची शिल्पे 1974 मध्ये मिळाली, तीही गावाच्या नावासकट टिकली म्हणून आज जगभर दायमाबादचे नाव घेतात. आणि शिर्डीत साईबाबांनी देह ठेवण्याआधी, 15 ऑक्टोबर 1918 ला, लक्ष्मीबाई शिंदे यांच्या हाती दिलेली नऊ नाणी घ्या. ती भाविकांना का प्रिय आहेत हे तागडी सांगू शकत नाही, कॅटलॉगमधले छायाचित्रही नाही. कुणी, कुणाला, कधी, कुठे, एवढ्यानेच ती इतर नाण्यांहून वेगळी ठरतात.

तेव्हा घरातले रुपये विकायचे असतील तर जरूर विका, गरज असते. आधी ते घासू नका. दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढा, वजन करा, आणि कुठल्या गावच्या, कुणाच्या घरचे, माळेतले की मडक्यातले, हे कागदावर लिहून नाण्याबरोबर द्या. एक प्रत नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयाकडेही पोचवा. लिलावगृहाला तो तपशील कॅटलॉगमध्ये छापायला सांगा. आणि फारसी अक्षरांचा रुपया हाती आला तर जाणकाराने वाचून दिल्याशिवाय तो सराफाच्या तागडीत टाकू नका.