एकेक सेंटिमीटरचा हिशेब

पोल व्हॉल्ट किंवा बांबूउडीत सर्गेई बुब्काच्या नावावर ३५ विश्वविक्रम आहेत. त्यांतले १७ उघड्या मैदानावरचे, तर १८ बंदिस्त सभागृहातले. युक्रेनमधल्या लुहान्स्क शहरात १९६३ साली त्याचा जन्म झाला. त्या वेळी हे शहर सोव्हिएत संघात होते. प्रशिक्षक विताली पेत्रोव्ह दोनेत्स्कला गेले तेव्हा किशोरवयीन बुब्काही त्यांच्यामागे तिथे गेला आणि पुढे तेच त्याचे गाव झाले. थोरला भाऊ वासिली हाही याच खेळातला.

१९८३ साली हेलसिंकीत पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तिथे फारसा कोणाला माहीत नसलेला हा १९ वर्षांचा मुलगा ५.७० मीटर उडी मारून जिंकला. पुढल्या मे महिन्यात ब्रातिस्लाव्हात ५.८५ मीटरचा विक्रम झाला. ऑगस्ट १९८४मध्ये रोमला फ्रान्सच्या तिएरी विन्येरोंने ५.९१ मीटर ओलांडून विक्रम त्याच्याकडून हिसकावला, पण तो काही मिनिटेच टिकला. बुब्काने लगेच ५.९४ मीटर पार केले. १३ जुलै १९८५ रोजी पॅरिसमध्ये त्याने ६ मीटर गाठले. त्याआधी तिथवर कोणीच पोहोचले नव्हते.

त्याच्या यशाचे मूळ धावेत आहे. फायबरग्लासचा पोल स्वतः ऊर्जा निर्माण करत नाही. खेळाडूने दिलेली तो वाकून साठवतो आणि सरळ होताना परत करतो. सेकंदाला दहा मीटरच्या आसपासचा वेग पूर्णपणे उंचीत उतरला, तर शरीराचा गुरुत्वमध्य सुमारे पाच मीटर वर जातो. तो मुळातच जमिनीपासून मीटरभर उंच असतो. सहा मीटरचे गणित इथेच बसते. उरलेले सेंटिमीटर हातांच्या रेट्यातून आणि बारवरून अंग वळवण्याच्या कसबातून मिळवावे लागतात.

बुब्का पोल टोकाजवळ, पाच मीटरच्याही वर पकडत असे आणि तोही कडक पोल. असा पोल हातात घेऊन वेगाने धावणेच मुळात अवघड. शेवटच्या पावलांत पोलचे पुढचे टोक खाली येते आणि जमिनीत बसवलेल्या २० सेंटिमीटर खोल पेटीत जाते. बहुतेकांचा पोल पाय जमिनीवर असतानाच वाकू लागतो. पेत्रोव्हचा आग्रह उलटा होता: टोक पेटीच्या मागच्या भिंतीला भिडण्याच्या क्षणी शरीर वर झेपावलेले हवे, वरचा हात पूर्ण ताणलेला हवा. त्यामुळे धक्क्यात वेग वाया जात नाही. मग पाय झोका घेत वर जातात, शरीर उलटे होते, पोल सरळ होऊ लागतो आणि खेळाडू हातांनी त्याला खाली रेटतो. बारवरून आधी पाय, मग पोट, शेवटी छाती आणि हात. पेटीची खोली वजा केली, तर पकडीच्या वर मीटरभराहून अधिक उंची बुब्का स्वतःच्या अंगबळावर मिळवत होता. पुढे रशियाची बांबूउडीपटू येलेना इसिनबायेव्हाही काही वर्षे पेत्रोव्हकडेच शिकली.

विक्रमांच्या यादीत एक गोष्ट ठळक दिसते. जून १९८८मध्ये ६.०५ मीटर झाल्यावर मैदानावरचे पुढचे नऊच्या नऊ विक्रम प्रत्येकी एका सेंटिमीटरचे आहेत. शेवटचा ६.१४ मीटरचा, ३१ जुलै १९९४ रोजी इटलीतल्या सेस्त्रिएरे या डोंगराळ गावी. प्रत्येक नव्या विक्रमाला वेगळे बक्षीस मिळे, म्हणून तो हात राखून उडतो, अशी टीका झाली. ती अगदीच खोटी नसावी. पण इतका हात राखता येणे, हेही प्रतिस्पर्ध्यांना जमणारे नव्हते.

ऑलिंपिकने मात्र त्याला हात दिला नाही. १९८४ साली सोव्हिएत बहिष्कार आडवा आला. १९८८ साली सोलमध्ये ५.९० मीटरवर दोनदा बार पडला. तिसऱ्या, अखेरच्या प्रयत्नात सुवर्ण मिळाले, आणि तेच एकमेव. १९९२ला बार्सिलोनात ५.७० मीटरवर दोन आणि ५.७५वर एक प्रयत्न फसला. खात्यात एकही उंची नोंदली गेली नाही. सुरुवातीची उंची वर ठेवण्याची सवय अशी महागात पडते. १९९६ला अटलांटात पायाच्या दुखापतीने माघार घ्यावी लागली आणि २००० साली सिडनीत पुन्हा शून्य. जागतिक स्पर्धांमध्ये मात्र १९८३ ते १९९७ या काळात सलग सहा विजेतेपदे त्याचीच.

२००१ साली तो निवृत्त झाला. फेब्रुवारी १९९३मध्ये दोनेत्स्कला केलेला बंदिस्त सभागृहातला ६.१५ मीटरचा विक्रम फ्रान्सच्या रेनो लाविलेनीने फेब्रुवारी २०१४मध्ये त्याच शहरात, बुब्काच्या डोळ्यांदेखत मोडला. तेव्हा आकडा होता ६.१६. मैदानावरचा विक्रम सप्टेंबर २०२०पर्यंत टिकला. रोममध्ये स्वीडनच्या आर्मांड डुप्लांटिसने ६.१५ मीटर ओलांडले. २०२५ साली तोक्योत त्याने ६.३० मीटर गाठले, तेही बुब्काच्याच पद्धतीने, एकेक सेंटिमीटर वाढवत.