विषयांची निवड आणि पुढचीं दारें

दहावीचा निकाल लागला म्हणजे आमच्या कार्यालयासमोर आठ-दहा दिवस पालकांची रीघ लागते. कोणी शाळा सोडल्याचा दाखला मागावयास येतो, कोणी गुणपत्रकावरील नांवांतील चूक दाखवितो. परंतु बहुतेकांच्या मनांत प्रश्न एकच असतो, कीं आतां मुलाला कोणत्या शाखेला घालावें? या प्रश्नाचें उत्तर उभ्याउभ्या देण्याची पाळी आम्हांवर दरवर्षीं येते, आणि तसें घाईंत दिलेलें उत्तर मुलाला पुढें पुष्कळ वर्षें पुरतें. म्हणून या अंकांत हा विषय थोडा सविस्तर मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या शाळेंत एक मुलगी शिकत होती. तिचा चित्रकलेचा हात फार सुरेख. एलिमेंटरी व इंटरमीजिएट या दोन्ही चित्रकला परीक्षा तिनें उत्तम श्रेणींत दिल्या. घरांचीं व वाड्यांचीं चित्रें काढण्याचा तिला नाद होता. गणिताचा मात्र मनस्वी कंटाळा. दहावीनंतर तिनें कला शाखा घेतली, बारावींत चांगले गुण मिळविले, आणि मग वास्तुशास्त्राच्या महाविद्यालयाचा अर्ज भरावयास ती बसली. तेथें तिला कळलें कीं, त्या अभ्यासक्रमास बारावीला भौतिकशास्त्र व गणित हे विषय घेतलेले असावे लागतात. ती शाळेंत आली आणि तिनें आम्हांला शांतपणें विचारलें, "हें मला दहावींत कोणींच कां सांगितलें नाहीं?" आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. आपल्याला घरें बांधावयाचीं आहेत, हें तिनें नववींतच आम्हांला सांगितलें होतें. आम्हीं तिच्या चित्रांना बक्षीस दिलें आणि स्वस्थ बसलों. पुढें ती अंतर्गत सजावटीच्या शिक्षणाकडे वळली व आज त्या कामांत ती सुखी आहे. तरी तिचा तो प्रश्न आमच्या मनांतून गेलेला नाहीं.

उत्तीर्ण होणें ही एक गोष्ट आहे आणि पात्र होणें ही दुसरी. या दोहोंची गल्लत घरोघरीं होते, आणि तिला कारणहि तसेंच आहे. मुंबई विद्यापीठाची मॅट्रिकची पहिली परीक्षा १८५९ सालीं झाली. ती मुळांत विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा होती. तिच्या इंग्रजी नांवाचा अर्थच विद्यापीठांत नांव दाखल होणें असा आहे. त्या काळीं जो पास झाला त्याला महाविद्यालयाचें दार उघडलें. "आधीं पास हो, मग पाहूं" हा वडीलधाऱ्यांचा उपदेश त्या काळाला शोभण्यासारखा होता. पुढें १९४८ सालीं शालान्त परीक्षेसाठीं निराळें मंडळ निघालें व १९४९ पासून एस. एस. सी. परीक्षा सुरू झाली. १९७५ सालीं अकरावीच्या जागीं दहावीची शालान्त परीक्षा आली आणि तिच्यापुढें बारावीची पायरी बसली. आज शाळेचें प्रमाणपत्र एक संस्था देते, पुढील प्रवेशाचे नियम दुसरीच ठरविते, आणि प्रवेशपरीक्षा तिसरीच घेते. परीक्षा बदलली, घरांतला उपदेश मात्र तोच राहिला.

दहावीपर्यंत निवडीला फारशी जागा नाहीं. राज्य मंडळाच्या परीक्षेस तीन भाषा, गणित, विज्ञान व सामाजिक शास्त्रें असे सहा विषय, प्रत्येकीं १०० गुणांचे. निवड असते ती मुख्यतः भाषेची : संपूर्ण संस्कृत, संपूर्ण हिंदी कीं दोन्ही मिळून संयुक्त. ही निवड मुलें बहुधा शेजारच्या बाकावरील मित्राकडे पाहून करतात, आणि पालक संस्कृतांत गुण पुष्कळ मिळतात म्हणून करतात. संस्कृत अवश्य घ्यावें. पण तें आवडतें म्हणून घ्यावें. टक्केवारी काढतांना सहांपैकीं उत्तम पांच विषयांचे गुण धरतात, हा नियम २०१० सालापासून आहे. त्याचा एक उलटा परिणाम आम्ही वर्गांत पाहतों. "गणित सोडून दिलें तरी टक्के जात नाहींत" असा हिशेब हुशार मुलेंहि करूं लागतात. टक्के जात नसतील, पण गणित जातें. आणि सुटलेलें गणित अकरावींत पुन्हां हातीं लागत नाहीं. शिवाय परीक्षेस बसावयास ७५ टक्के हजेरी लागते, हें क्लासच्या नादीं लागून शाळा बुडविणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

खरी निवड अकरावीच्या अर्जांत होते. तेथें इंग्रजी सर्वांस आवश्यक; बाकीचे विषय शाखेप्रमाणें. अर्ज एका पानाचा आणि रकाने लहान, म्हणून त्यांतील खूण किती लांब जाते हें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. वाणिज्य शाखेंत मुलांपुढें गणित कीं चिटणिसाची कार्यपद्धती असा पर्याय येतो, आणि बहुतेक मुलें सुटकेचा निःश्वास टाकून दुसरा विषय घेतात. त्यांतील पुष्कळांना चार्टर्ड अकाउंटंट व्हावयाचें असतें. त्या परीक्षेला बारावीचें गणित लागत नाहीं, हें खरें आहे. पण तिच्या फाउंडेशन पायरीवर चार प्रश्नपत्रिका असतात, त्यांपैकीं एक १०० गुणांची व्यावहारिक गणित, तर्क व संख्याशास्त्र यांचीच आहे. ज्याला टाळून मुलगा पुढें गेला, तें दोन वर्षांनीं दारांत उभें असतें.

विज्ञान शाखेंत प्रश्न गणित कीं जीवशास्त्र असा असतो. वैद्यकीय प्रवेशाला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र लागतें. अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखांना भौतिकशास्त्र व गणित. औषधनिर्माणशास्त्राला मात्र भौतिक व रसायन यांच्या जोडीस गणित किंवा जीवशास्त्र यांपैकीं कोणतेंहि चालतें. दोन्ही घेऊन दोन्ही दारें उघडीं ठेवावीं असा सल्ला सर्रास देण्यांत येतो. आमचें मत थोडें निराळें आहे. ज्याला दोन्हींत गोडी आहे त्यानें जरूर घ्यावे. परंतु केवळ ठरवतां येत नाहीं म्हणून दोन्ही घेणाऱ्या मुलाला रात्रीं दोन्ही प्रयोगवह्या पुऱ्या कराव्या लागतात आणि प्रवेशपरीक्षेला एकाहि विषयाची तयारी धड होत नाहीं. जीवशास्त्र बारावीनंतर जादा विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यांसहि वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसूं देण्याचा निर्णय २०२३ सालीं झाला. तेव्हां एकच विषय घेतल्यानें जन्माचा तोटा होतो, असें आतां म्हणतां येणार नाहीं. पण एक-दोन वर्षें जातात, तीं जातातच.

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचें उदाहरण सांगण्याजोगें आहे, कारण तेथें जाण्याचें स्वप्न आमच्या शाळेंतील पुष्कळ मुलें पाहतात, आणि २०२१ पासून मुलींनाहि तिची परीक्षा खुली झाल्यानें त्याहि पाहूं लागल्या आहेत. मुलींची पहिली तुकडी २०२५ च्या मे महिन्यांत तेथून बाहेर पडली. भूदलासाठीं बारावीची कोणतीहि शाखा चालते, असें नियम सांगतो. हवाई दल व नौदल यांसाठीं मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हवें. हें वाचून कला शाखेचा मुलगा निश्चिंत होतो, आणि येथेंच फसतो. कारण लेखी परीक्षेच्या ९०० गुणांपैकीं ३०० गुण गणिताचे आहेत आणि ते सर्वांनाच सोडवावे लागतात. नियमाप्रमाणें तो पात्र आहे, तयारीनें नाहीं.

या साऱ्यावरून गणिताचें स्तोत्र गाण्याचा आमचा हेतु आहे असें कोणी समजूं नये. ज्या मुलीला इतिहास व भाषा यांची ओढ आहे, तिला टक्के चांगले पडले म्हणून विज्ञान शाखेंत लोटणें हा आमच्या मतें अन्याय आहे, आणि तो शिकलेल्या घरांतच अधिक होतो. पांच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाला बारावीची कोणतीहि शाखा चालते. ज्याचे हात हत्यारांत रमतात, त्यानें दहावीनंतर आय. टी. आय. किंवा तंत्रनिकेतन कां पाहूं नये? तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका मिळविलेल्यास अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेतां येतो. हा रस्ता पालकांना कमीपणाचा वाटतो. त्यावरून गेलेले आमचे विद्यार्थी भेटले म्हणजे तसें म्हणत नाहींत.

मग करावें काय? मुलानें नववींतच आपल्याला आवडतील असे दोन-तीन व्यवसाय कागदावर लिहावेत, आणि त्या त्या अभ्यासक्रमाची माहितीपुस्तिका शेवटापासून मागें वाचावी : प्रवेशाला कोणते विषय, किती गुण, कोणती परीक्षा. पुस्तिका चालू वर्षाचीच असावी. थोरल्या भावाची, तीन वर्षांपूर्वींची, घरांत पडलेली वापरूं नये, कारण हे नियम वरचेवर बदलतात. विषय बदलावयाचा झाल्यास अकरावीच्या पहिल्या कांहीं आठवड्यांतच महाविद्यालयाला विचारावें. दिवाळीनंतर मुलगा रडत आला तर कोणाच्याच हातीं फारसें उरत नाहीं.

आमच्याकडून आम्हीं एवढें ठरविलें आहे. नववीच्या वर्गशिक्षकांपाशीं एक छापील तक्ता ठेवला असून तो प्रत्येक मुलानें जानेवारींत पालकांसह बसून भरावयाचा आहे. त्यांत विषय व गुण यांचे रकाने पूर्वींचेच आहेत, शेवटीं एक रकाना नवा घातला आहे, "पुढें काय करावेंसें वाटतें?" तो भरलेला तक्ता घेऊन शनिवारीं शाळा सुटल्यावर कोणींहि यावें. त्या रकान्यांतील उत्तर वाचल्यावांचून अकरावीच्या शाखेविषयीं कोणासहि सल्ला द्यावयाचा नाहीं, असें आम्हीं शिक्षकांनीं आपसांत कबूल केलें आहे.