कानाशी लागणारी भिंत

विजापूरच्या गोल घुमटाच्या कोपऱ्यातल्या मनोऱ्याचा अरुंद जिना चढून माणूस धापा टाकत वरच्या सज्जात येतो, आणि आल्या आल्या टाळी वाजवतो नाहीतर आरोळी ठोकतो. पडसाद सात येतात की दहा, यावर पैजा लागतात. महंमद आदिलशहाच्या (कारकीर्द १६२७–१६५६) या मकबऱ्याला लोक ‘बोल घुमट’ म्हणतात, ते उगाच नाही.

पडसादाचा हिशेब सोपा आहे. घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे टाळीला समोरच्या भिंतीवर आपटून परतायला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी लागतो. घरातल्या भिंतीही आवाज परतवतात, पण तो इतक्या लगेच येतो, की मेंदू त्याला मूळ आवाजातच मिसळून टाकतो. सेकंदाच्या विसाव्या हिश्शाहून बराच उशीर झाला, की मग ही मिसळ जमत नाही. परतलेला आवाज सुटा ऐकू येतो, मोजता येतो.

खरी गंमत मात्र कुजबुजीची. भिंतीशी तोंड नेऊन हळूच बोललेलं पार पलीकडे भिंतीला कान लावलेल्याला स्पष्ट कळतं. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमधल्या अशाच सज्जाचं कोडं लॉर्ड रॅले यांनी उलगडलं. ध्वनिलहरी चहूकडे पसरण्याऐवजी गोलाव्याला धरून भिंतीलगत सरकतात, म्हणून कमी विरतात. कुजबुजीतले ‘स’, ‘श’सारखे बारीक आवाज तर भिंतीला जास्तच बिलगतात. १९२१ मध्ये सी. व्ही. रामन यांनी सेंट पॉल्समध्ये प्रयोग केले आणि पुढे गोल घुमटाचाही अभ्यास केला.

उरलेला चकवा कानाचा. आवाज शेवटी ज्या बाजूने आला, तीच त्याची जागा असं कान धरून चालतो. लहर भिंतीवरून येते, म्हणून बोलणारा भिंतीतच बसलाय असं वाटतं; डोळ्यांना तर तो समोर, ३८ मीटरवर दिसत असतो. भिंतीला कान असतात हे आपण ऐकून असतो, इथे तीच आपल्या कानाशी लागते.

दुपारच्या गर्दीत मात्र पडसादावर पडसाद चढतात आणि कुजबुज त्यात बुडून जाते. ती ऐकायची, तर सकाळी दार उघडताच वर चढावं आणि टाळी मागून येणाऱ्यांसाठी ठेवावी.