अंडर-१९ वर्ल्डकप आणि १ जूनचा वाढदिवस

ज्यांना प्रवासात रेंज मिळत नाही, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी या एपिसोडचा हा लेखी उतारा. बोलण्यातलं 'म्हणजे', 'काय आहे ना' थोडं कमी केलंय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा प्रश्न साधा आहे. वसमतच्या पोराला किंवा पोरीला अंडर-१९ वर्ल्डकप खेळायचा असेल तर सुरुवात कुठून करायची? बहुतेकांचं उत्तर असतं चांगली बॅट, चांगला कोच, पुण्याची अकॅडमी. हे सगळं लागतंच. पण त्याच्याही आधी एक कागद लागतो. त्या कागदावरची तारीख एका दिवसाने इकडची तिकडे झाली तर अख्खा वर्ल्डकप हातचा जाऊ शकतो. कसा, ते सांगतो.

आधी स्पर्धा समजून घेऊ

मुलांचा पहिला अंडर-१९ वर्ल्डकप १९८८ साली ऑस्ट्रेलियात झाला. मग दहा वर्षं काहीच नाही. १९९८ पासून मात्र तो दर दोन वर्षांनी होतो. मॅच ५० ओव्हरची. २०२४ ला १६ टीम होत्या. चार-चार टीमचे चार गट, त्यातून सुपर सिक्स, मग सेमीफायनल आणि फायनल. २०२२ पर्यंत भारताने २०००, २००८, २०१२, २०१८ आणि २०२२ साली हा कप जिंकला. कॅप्टन होते मोहम्मद कैफ, विराट कोहली, उन्मुक्त चंद, पृथ्वी शॉ आणि यश धुल.

मुलींचा अंडर-१९ वर्ल्डकप अगदी अलीकडचा, टी-ट्वेंटीचा. पहिला २०२३ ला दक्षिण आफ्रिकेत, दुसरा २०२५ ला मलेशियात. दोन्ही भारताने जिंकले. २०२५ च्या टीमची व्हाइस कॅप्टन मुंबईची सानिका चाळके होती.

जालना आणि बीड

"हे मुंबई-पुण्याचं काम, आपल्याकडे कुठं?" असं म्हणणाऱ्यांसाठी मराठवाड्यातलीच दोन नावं देतो.

पहिला जालन्याचा विजय झोल. २०११ साली कूचबिहार ट्रॉफीत महाराष्ट्राकडून खेळताना त्याने आसामविरुद्ध नाबाद ४५१ रन केले. एका इनिंगमध्ये, एकट्याने. २०१२ ला कप जिंकणाऱ्या टीममध्ये तो होता आणि २०१४ ला दुबई-अबुधाबीकडे झालेल्या वर्ल्डकपमध्ये तो भारताचा कॅप्टन होता.

दुसरा बीडचा सचिन धस. ६ फेब्रुवारी २०२४, दक्षिण आफ्रिकेतलं बेनोनी, सेमीफायनल. समोर यजमान टीम, टार्गेट २४५ आणि भारत ४ बाद ३२. तिथून सचिन आणि कॅप्टन उदय सहारन यांनी १७१ रनची पार्टनरशिप केली. सचिनचे ९५ बॉलमध्ये ९६, उदयचे ८१. भारत दोन विकेटने जिंकला. पुढे फायनल ऑस्ट्रेलियाकडून ७९ रनने हरलो, ते जाऊ द्या. पण त्या रात्री बीडचं नाव सगळ्या देशाने ऐकलं. त्याच टीममध्ये सोलापूरचा अर्शिन कुलकर्णीसुद्धा होता आणि त्याने अमेरिकेविरुद्ध शतक मारलं होतं.

म्हणजे वाट आहे. आता ती नेमकी कुठून जाते ते बघू.

हिंगोली जिल्हा कुणाच्या टीममध्ये?

महाराष्ट्र हे राज्य एक असलं तरी क्रिकेटच्या नकाशात त्याचे तीन तुकडे आहेत: मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेला पैनगंगा ओलांडली की विदर्भ लागतो आणि तिकडचं पोरगं नागपूरच्या विदर्भ क्रिकेट असोसिएशनकडे जातं. अलीकडचं, म्हणजे वसमत, औंढा, कळमनुरी, सेनगाव, हिंगोली इथलं पोरगं महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे. तिचं मोठं स्टेडियम पुण्याजवळ गहुंज्याला आहे.

जिल्ह्यातून निवड झाली की राज्याची टीम. १६ वर्षांखालच्या मुलांसाठी विजय मर्चंट ट्रॉफी. १९ खाली दोन मोठ्या स्पर्धा: एक दिवसाची विनू मांकड आणि चार दिवसांची कूचबिहार. तिथे चमकलात तर चॅलेंजर ट्रॉफी, बंगळुरूचे कॅम्प आणि मग भारताची अंडर-१९ टीम.

हे सगळं लेदर बॉलवर. आपल्याकडे गावोगावी टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात, बक्षिसंही चांगली असतात, पण त्यांचा या वाटेशी संबंध नाही. लेदर बॉल उशिरा वळतो, लागला तर सुजतो आणि टर्फवर वेगळाच उसळतो. त्याची सवय चौदाव्या-पंधराव्या वर्षापर्यंत व्हायला हवी. अठराव्या वर्षी 'आता सिरियसली करतो' म्हणणाऱ्यासाठी अंडर-१९ चं दार जवळपास बंद झालेलं असतं.

१ सप्टेंबरची रेघ

आता मुद्द्यावर येतो. अंडर-१९ म्हणजे मॅचच्या दिवशी वय १९ पेक्षा कमी पाहिजे, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. सेमीफायनलच्या दिवशी सचिन धसचं वय १९ वर्षं ३ दिवस होतं. त्याचा जन्म ३ फेब्रुवारी २००५ चा. २ फेब्रुवारीला नेपाळविरुद्ध ११६ मारले आणि दुसऱ्या दिवशी तो १९ पूर्ण झाला.

मग चाललं कसं? कारण वय मॅचच्या दिवशी मोजत नाहीत, स्पर्धेच्या आधीच्या १ सप्टेंबरला मोजतात. २०२४ च्या वर्ल्डकपसाठी जन्म १ सप्टेंबर २००४ किंवा त्यानंतरचा असायला हवा होता. सचिन त्यात आरामात बसला.

आता ही गंमत बघा. समजा दोन मित्र आहेत, एकाच गल्लीतले. एकाचा जन्म ३१ ऑगस्ट २००८ चा, दुसऱ्याचा १ सप्टेंबर २००८ चा. फरक एका दिवसाचा. हाच नियम २०२८ च्या वर्ल्डकपला लावला तर दुसरा मित्र पात्र, वय १९ च्या पुढे, शरीर भरलेलं, तीन-चार सीझनचा अनुभव. पहिला मित्र बाहेर. त्याची संधी होती ती २०२६ ला, साडेसतराव्या वर्षी, आपल्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या पोरांशी झुंजून. एका रात्रीच्या फरकाने दोन वर्षांचा फरक पडला.

विजय झोलचंच घ्या. जन्म २३ नोव्हेंबर १९९४. रेघ होती १ सप्टेंबर १९९४. तीन महिने आधी जन्मला असता तर २०१४ ला तो कॅप्टन म्हणून टॉसला गेलाच नसता.

त्यात आणखी एक नियम आला. २०१६ साली बीसीसीआयने ठरवलं की मुलांमध्ये एका खेळाडूला एकच अंडर-१९ वर्ल्डकप. वय शिल्लक असलं तरी दुसरा नाही. झोल २०१२ आणि २०१४ असे दोन खेळला, आजच्या पोराला ते जमणार नाही.

गुरुजींनी लावलेली तारीख

आता आपल्या घरात या. तुमच्या आजोबांची जन्मतारीख विचारा. वडिलांची विचारा. दहा घरांत विचाराल तर बऱ्याच घरांत उत्तर मिळेल: १ जून. सगळे १ जूनला जन्मले का? नाही. शाळा जूनमध्ये भरायची. पोराला शाळेत घालायला नेलं की गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? "गेल्या दुष्काळाच्या आधीचा", "पोळ्याच्या सुमाराचा". गुरुजींनी अंदाजाने साल धरलं आणि १ जून टाकून दिलं. प्रवेशाचं वय बसलं, विषय संपला. नोकरीत, पेन्शनमध्ये तीच तारीख चालली.

आज बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होतात, नोंद होते, त्यामुळे हा प्रकार कमी झालाय. संपलेला नाही. मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात, पाच-सहा महिने कारखान्याच्या हद्दीत कोपीवर राहतात. मूल तिथेच झालं तर कायद्याने नोंद जिथे जन्म झाला तिथल्या कार्यालयात करायची असते. गावी परत येईपर्यंत ती राहून जाते. मग शाळेत कुणीतरी सांगेल ती तारीख लागते आणि आधारवर तीच चढते.

आता हिशोब करा. मूल खरं ऑक्टोबर २००८ चं, पण शाळेत १ जून २००८ लागलंय. खऱ्या तारखेने ते २०२८ च्या वर्ल्डकपला पात्र आहे. कागदावरच्या तारखेने बाहेर. पोरात दम असूनही.

कायदा १९६९ चा आहे आणि सोपा आहे. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची, ती मोफत असते. गावात ग्रामपंचायत, वसमत शहरात नगर परिषद. ३० दिवसांपर्यंत थोडं विलंब शुल्क. त्यानंतर वर्षभरापर्यंत वरची परवानगी. आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.

"उशिरा का होईना, दाखला निघतो ना?" निघतो. पण २०२० साली बीसीसीआयने जाहीर केलं की जन्म आणि नोंदणी यांत दोन वर्षांपेक्षा जास्त अंतर असेल तर त्या खेळाडूला अंडर-१९ स्पर्धा किती वर्षं खेळता येतील यावर मर्यादा येईल. म्हणजे दाखल्यावर जन्मतारखेइतकीच नोंदणीची तारीखही वाचली जाते. कॉम्प्युटरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर डेटा काय लिहिलाय एवढंच नाही, तो कधी एंटर झाला हेही तपासतात.

हाताचा एक्स-रे

एवढी कडक तपासणी का? कारण उलटा प्रकारही चालतो. वय कमी करून घेणे. १८ वर्षांचा पोरगा १५ चा म्हणून खेळला तर तो जोरात बॉल टाकणारच, सिक्स मारणारच. लोक म्हणतात, काय टॅलेंट आहे! आणि खरोखर १५ चा असलेला, खऱ्या कागदाचा पोरगा घरी बसतो. २०१५ साली राहुल द्रविडने एका जाहीर व्याख्यानात याच गोष्टीवर बोट ठेवलं होतं: यात प्रामाणिक मुलाचं नुकसान होतं, आणि ज्याचं वय कमी केलंय त्यालाही आपण खोटं बोलायला शिकवतो.

म्हणून १६ खालची मुलं आणि १५ खालच्या मुलींसाठी हाडाच्या वयाची टेस्ट असते. नाव टीडब्ल्यू-३, म्हणजे टॅनर-व्हाइटहाउस पद्धत. डाव्या हाताचा, मनगटासकट एक्स-रे काढतात. लहानपणी हाडांच्या टोकाशी कूर्चा असते, ती वयाबरोबर भरत जाते. कुठलं हाड किती भरलंय याला गुण देतात आणि बेरजेवरून वयाचा अंदाज काढतात.

पण या टेस्टला एक हद्द आहे. या पद्धतीत मुलाची हाडं साधारण साडेसोळाला आणि मुलीची पंधराला पूर्ण वाढलेली धरतात. त्यापुढे एक्स-रे काही सांगू शकत नाही. १७ चा आणि २० चा हात सारखाच दिसतो. म्हणून अंडर-१९ च्या वयात सगळी भिस्त कागदावर येते.

कुणी 'दोन वर्षं कमी करून देतो' म्हणत आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. २०२० च्या त्याच घोषणेत होतं की स्वतःहून खरी तारीख सांगणाऱ्यावर कारवाई नाही, पण खोटा कागद पकडला गेला तर दोन वर्षांची बंदी. चौदा ते एकोणीस या पाच वर्षांतली दोन गेली तर उरतं काय?

कप म्हणजे शेवट नाही

घरच्यांवर जे दडपण असतं, त्यातूनच खोटे कागद येतात. म्हणून हेही ऐका. २०१२ च्या फायनलमध्ये उन्मुक्त चंदने नाबाद १११ मारून कप आणला, पण भारताच्या मोठ्या टीमकडून तो एकदाही खेळला नाही. विजय झोललाही ती कॅप मिळाली नाही. २००६ ची फायनल भारत ७१ वर ऑलआउट होऊन हरला, आणि त्या टीममध्ये रोहित शर्मा होता. आपल्याच महाराष्ट्र टीमचा ऋतुराज गायकवाड अंडर-१९ वर्ल्डकप खेळलाच नाही, तरी भारताकडून खेळला. कप मोठी संधी आहे, पण एकमेव नाही. तो हुकला म्हणून रणजीचं दार बंद होत नाही.

तर करायचं काय?

घरात लहान भाऊ-बहीण, पुतण्या, भाची असेल, मग ते क्रिकेट खेळो न खेळो, या आठवड्यात एक काम करा. जन्माचा दाखला, शाळेच्या निर्गम उताऱ्यातली तारीख आणि आधार हे तिन्ही समोर ठेवा. तारीख एकच आहे का? नावाचं स्पेलिंग एकच आहे का? वेगळं असेल तर जन्माचा दाखला खरा धरून बाकीचे दुरुस्त करायला लागा. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही, आणि त्यावरची तारीख साधारणपणे एकदाच बदलता येते, म्हणून घाई नको. दाखलाच नसेल तर जिथे जन्म झाला तिथे अर्ज करा. ऊसतोडीला गेलेल्या शेजाऱ्याला मोबाइलवर ही माहिती वाचून दाखवा. बाळ झालं की २१ दिवसांत नोंद, एवढं एक वाक्य त्याच्यापर्यंत पोचलं तरी पुष्कळ झालं.

मग नेटवर जा, लेदर बॉल घ्या आणि डावा कोपर वर ठेवून खेळा. तारखेचं काम कागदाने केलं की पुढचं काम बॅटचं.

तुमच्या घरातले १ जूनवाले किती, ते मोजून कळवा. पुढच्या एपिसोडमध्ये भेटू.