मैदान मिळालेला मुलगा

सिंगापूरच्या मध्यभागाच्या जरा उत्तरेस वसलेली आंग मो किओ ही वसाहत आज जो प्रथमच पाहील, त्याला या जागी साठ वर्षांपूर्वी रबराची झाडे, दलदल, कोंबड्या-डुकरे पाळणारी शेतघरे आणि पत्र्याच्या छपरांची खेडी होती, यावर विश्वास ठेवणे जड जाईल. १९७३ साली सरकारी गृहनिर्माण मंडळाने येथे इमारतींचे काम आरंभले आणि दहा-बारा वर्षांत सारा मुलूख पालटून टाकला. ७ नोव्हेंबर १९८७ रोजी त्या देशातील पहिली मेट्रो ज्या पाच स्थानकांच्या दरम्यान धावली, त्यांपैकी यिओ चू कांग आणि आंग मो किओ ही दोन स्थानके याच वसाहतीत आहेत. रस्ते, नळ, वीज, बाजार, दवाखाना, शाळा यांची तजवीज इतकी काटेकोर, की नगररचनेचा अभ्यास करणाऱ्याने येथे येऊन वही काढून बसावे. तथापि याच वसाहतीच्या शेजारच्या जुन्या परिसराचे नाव धारण करणाऱ्या यिओ चू कांग प्राथमिक शाळेत, हे सारे सुबक नियोजन होण्यापूर्वी, एक मुलगा शिकत होता. त्याच्या तोडीचा फुटबॉलपटू नियोजनपूर्वक निर्माण करणे मात्र या कार्यक्षम राज्यालाही पुढे साधलेले नाही. त्या मुलाचे नाव फान्दी अहमद.

फान्दीचा जन्म २९ मे १९६२ चा. सिंगापूर तेव्हा ब्रिटिशांच्या छत्राखाली अंतर्गत स्वराज्य भोगत होते. पुढल्याच वर्षी ते मलेशियात सामील झाले आणि १९६५ साली त्यातून बाहेर पडून, शेतीला पुरेशी जमीन नाही आणि पिण्याचे पाणीसुद्धा पुरेसे नाही अशा अवस्थेत, स्वतंत्र राष्ट्र झाले. फान्दीचे वडील अहमद वरतम हे सिंगापूरच्या राष्ट्रीय संघाचे गोलरक्षक होते. राष्ट्रीय खेळाडूच्या घरी जन्मलेल्या मुलाचे बालपण हलाखीचे कसे, असा प्रश्न आजच्या वाचकाला पडणे स्वाभाविक आहे; परंतु त्या काळी सिंगापुरात फुटबॉल हा हौशी खेळ होता, खेळाडू दिवसभर कोठेतरी नोकरी करी आणि संध्याकाळी मैदानावर रुजू होई, आणि रविवारच्या टाळ्यांनी सोमवारची चूल पेटत नसे. नातेवाइकांनी गच्च भरलेल्या घरात वाढलेला फान्दी कुटुंबाला हातभार म्हणून नासी लेमाक विकत असे. नारळाच्या दुधात शिजवलेला हा भात, सोबत तिखट चटणी आणि तळलेली सुकी मासळी, ही मलायी माणसाची सकाळची न्याहारी. ती केळीच्या पानात बांधून दारोदार नेणे हे त्या काळच्या अनेक गरीब मलायी मुलांच्या वाट्याला आलेले काम होते.

वडील गोलरक्षक, म्हणून मुलगाही आरंभी गोलखांबांतच उभा राहिला. पण चेंडू अडवण्यापेक्षा तो घेऊन पळण्यात या मुलाचे पाय अधिक बोलतात, हे शालेय वयातच जाणत्यांच्या ध्यानी आले आणि त्याला मधल्या फळीत आणले गेले. ज्या मुलाने आपल्या आयुष्याचा आरंभ गोल वाचवण्याने केला, त्याच्या नावावर पुढे राष्ट्रीय संघासाठी पन्नासहून अधिक गोल लागावेत, यामागे कोण्या तरी वडीलधाऱ्याची चौकस नजर आहे. ती नजर नसती, तर सिंगापूरला आणखी एक बरा गोलरक्षक मिळाला असता, एवढेच.

सेरंगून गार्डन येथील माध्यमिक शाळेत फान्दी गेला खरा, परंतु पुस्तकांशी त्याचे फारसे जमले नाही, आणि पुढे तो सिंगापूर व्होकेशनल इन्स्टिट्यूट या व्यवसायशिक्षण देणाऱ्या संस्थेत दाखल झाला. परीक्षेतील गुणांवर माणसाची किंमत ठरवणाऱ्या त्या समाजात ही गोष्ट अपयशाचीच गणली जाई. मात्र त्याच सुमारास एका पेयाच्या कंपनीच्या आश्रयाने चाललेल्या माइलो फुटबॉल योजनेत शाळकरी मुलांना शास्त्रशुद्ध शिक्षण मिळू लागले होते, मोहल्ल्या-मोहल्ल्याचे संघ राष्ट्रीय साखळीत खेळत होते, आणि काकी बुकित नामक संघात हा मुलगा चमकू लागला होता. शाळा, योजना, मोहल्ला, राष्ट्रीय संघ अशा पायऱ्या तेथे होत्या आणि प्रत्येक पायरीवर कोणीतरी उभे होते. १९७९ साली, वयाची सतरा वर्षे आणि तीन महिने पुरे होतात न होतात तोच, फान्दी सिंगापूरच्या राष्ट्रीय संघात दाखल झाला. सर्वांत लहान वयाचा खेळाडू हा त्याचा विक्रम २००७ साली हॅरिस हारूनने मोडीपर्यंत अट्ठावीस वर्षे अबाधित राहिला.

राष्ट्रीय संघातील प्रवेशानंतरचे वर्ष मलेशिया चषकाचे. या स्पर्धेचे माहात्म्य ठाऊक नसेल, तर फान्दीची कीर्ती कळणार नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मलायी संस्थानांच्या पैशाने ब्रिटिश आरमारासाठी ‘मलाया’ ही युद्धनौका बांधली गेली. त्या नौकेच्या लोकांनी १९२१ साली आभार म्हणून एक चषक भेट दिला, आणि पहिल्याच वर्षी तो सिंगापूरने जिंकला. दोन्ही देश विभक्त झाले तरी सिंगापूरचा संघ मलेशियातील राज्यांच्या बरोबरीने या स्पर्धेत उतरत राहिला. त्यामुळे प्रत्येक सामन्याला खेळाबरोबर भाऊबंदकीचीही धार असे. सिंगापुरातील कलांग येथील राष्ट्रीय क्रीडागारात पंचावन्न हजारांचा समुदाय ज्या आवाजात आरोळी देई, तिला ‘कलांगची गर्जना’ हेच नाव पडले होते. १९८० च्या अंतिम सामन्यात सिंगापूरने सेलांगोरचा २-१ असा पराभव केला, आणि विजयाचा गोल होता अठरा वर्षांच्या फान्दी अहमदचा. त्या दिवसापासून, कालपरवापर्यंत नासी लेमाक विकणारा हा मुलगा चिनी, मलायी आणि तमिळ या तिन्ही समाजांच्या घरांतून सारख्याच आपुलकीने बोलला जाऊ लागला. जातीय दंगलींच्या आठवणी ज्या देशात अजून पुरत्या विझल्या नव्हत्या, त्या देशात ही गोष्ट चषकापेक्षा लहान नव्हे.

१९८२ साली नेदरलँड्समधील विख्यात आयाक्स संघाने त्याला चाचणीसाठी बोलावले आणि तीन वर्षांचा करारनामा त्याच्यापुढे ठेवला. योहान क्रॉयफच्या या संघाचा करार आशियातल्या कोणत्याही तरुणाने डोळे मिटून पत्करला असता. फान्दीने तो नाकारला आणि इंडोनेशियातील सुराबाया येथील निआक मित्रा या संघात तो गेला. या निर्णयाला भ्याडपणा म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. मला तो तसा वाटत नाही. जो मुलगा घराच्या खर्चाला हातभार लावीत वाढला, त्याला घरापासूनच्या अंतराची किंमत ठाऊक असते. आणि बड्या संघाच्या राखीव बाकावर बसून राहण्यापेक्षा, जेथे दर आठवड्याला खेळायला मिळते तेथे जाणे, हे वीस वर्षांच्या खेळाडूच्या दृष्टीने शहाणपणाचेच असते. सुराबायात आलेल्या इंग्लंडच्या आर्सेनल संघाला निआक मित्राने १९८३ साली २-० असे हरवले, त्यात एक गोल फान्दीचा होता. परंतु इंडोनेशियाच्या व्यावसायिक साखळीने परदेशी खेळाडूंना मनाई करणारा हुकूम काढला आणि त्याला पुन्हा सामान बांधावे लागले.

या वेळी मात्र तो नेदरलँड्सला खरोखरच गेला. उत्तरेकडील ख्रोनिंगन शहराच्या संघाशी त्याचा दोन वर्षांचा करार झाला. मांडीच्या दुखापतीमुळे आरंभीचे काही सामने हुकले. आणि १९ ऑक्टोबर १९८३ रोजी युएफा चषकाच्या दुसऱ्या फेरीत इटलीच्या इंटर मिलान संघाविरुद्ध तो मैदानात उतरला. ख्रोनिंगनने तो सामना २-० असा जिंकला, आणि दुसरा गोल फान्दीने सामना संपता संपता केला. परतीच्या सामन्यात इंटरने ५-१ असा दणदणीत विजय मिळवून पारडे फिरवले, हे खरे. तरी ज्या देशाची लोकसंख्या त्या काळी तीस लाखांच्याही आत होती, त्या देशाच्या एका खेळाडूने युरोपातील नामांकित संघाच्या जाळ्यात चेंडू धाडावा, ही बातमी सिंगापुरात अजूनही सांगितली जाते. डच प्रेक्षकांचा तो लाडका झाला. पण दुसऱ्या वर्षी दुखापतीने आणि संघातील मतभेदांनी त्याचे बस्तान उठले, आणि १९८५ साली तो आशियात परतला.

येथे अनेकांची कहाणी संपते. युरोप पाहून आलेला, दुखावलेला खेळाडू मायदेशी सत्कार घेत आयुष्य काढतो. फान्दीने मात्र आपली खरी कमाई यानंतरच केली. जिवलग मित्र मालेक अवाबच्या साथीने त्याने क्वालालंपूर संघाला १९८७, १९८८ आणि १९८९ असा लागोपाठ तीन वर्षे मलेशिया चषक मिळवून दिला. १९९२ साली पहांग संघाकडून साखळी आणि चषक ही दोन्ही विजेतेपदे त्याच्या पदरी आली. त्याच काळात सिंगापूरचा संघ खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता. अशा पडत्या काळात १९९३ साली तो आपल्या संघात परतला आणि संघनायक झाला. त्या वर्षी अंतिम सामन्यात केदाहने सिंगापूरला हरवले. पुढल्या वर्षी, १७ डिसेंबर १९९४ रोजी, शाह आलमच्या मैदानावर सिंगापूरने पहांगचा ४-० असा फडशा पाडला; अब्बास सादने तीन गोल केले, चौथा संघनायकाचा होता. साखळी आणि चषक दोन्ही घरी आले. त्यानंतर तिकीटविक्रीच्या उत्पन्नाच्या वाट्यावरून दोन्ही देशांच्या फुटबॉल संघटनांत बेबनाव झाला, सिंगापूर त्या स्पर्धेतून बाहेर पडले, आणि १९९६ साली त्या देशाने स्वतःची व्यावसायिक साखळी सुरू केली. तिच्या पहिल्याच वर्षी विजेत्या ठरलेल्या गेलांग संघातही फान्दी होता. फुटबॉलवर दहा लाख डॉलर कमावणारा सिंगापूरचा पहिला खेळाडू अशी त्याची नोंद झाली. पुढे प्रशिक्षक म्हणून सशस्त्र दलांच्या संघाला त्याने दोनदा साखळीचे विजेतेपद मिळवून दिले, २०१८ साली राष्ट्रीय संघाची धुराही काही काळ सांभाळली. आणि त्याची मुले इरफान, इख्सान आणि इल्हान हीही व्यावसायिक फुटबॉलपटू झाली.

अशा चरित्रातून लोक बहुधा एकच बोध काढतात: दारिद्र्य माणसाला घडवते. हा बोध अर्धवट आहे, आणि घातकही आहे. कारण तो खरा मानला, तर गरिबांसाठी काहीच करण्याचे प्रयोजन उरत नाही. सिंगापूरच्या जुन्या खेड्यांत पुराचे पाणी शिरे, आगी लागत. १९६१ च्या बुकित हो स्वी येथील एका आगीने सुमारे सोळा हजार माणसांना बेघर केले. त्या खेड्यांची जागा पक्क्या इमारतींनी घेतली याबद्दल तेथील एकही शहाणा माणूस अश्रू ढाळणार नाही. दारिद्र्याने फान्दीला भूक दिली असेल. पण भूक असलेली मुले त्या खेड्यांत हजारो होती. त्याला वर काढले ते मोकळ्या मैदानाने, पाय ओळखणाऱ्या वडीलधाऱ्यांनी, मुलांना शिकवणाऱ्या योजनेने आणि पायरीपायरीने चढत जाणाऱ्या स्पर्धांनी.

याची उलटी साक्षही सिंगापूरच देते. १९९८ साली पंतप्रधान गोह चोक तोंग यांनी २०१० च्या विश्वचषकात देशाला नेण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. परदेशी खेळाडूंना नागरिकत्व देण्यात आले, दक्षिणपूर्व आशियाचे विजेतेपदही हाती आले, परंतु विश्वचषक दूरच राहिला. २०२१ साली २०३४ च्या विश्वचषकाकडे डोळे लावून नवी मोहीम आखली गेली. दरम्यान आंग मो किओसारख्या वसाहतींतील इमारतींच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या ओसऱ्यांत चेंडू खेळण्यास मनाई करणाऱ्या पाट्या लागल्या. शाळकरी मुलाची दुपार शिकवणीच्या वर्गात गेली. पैसा, प्रशिक्षक, हिरवळ सारे आले. मुलाच्या हाती रिकामा वेळ आणि कोणाचा पहारा नसलेली जागा, या दोन गोष्टी मात्र कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिता येत नाहीत.

मैदान आणि पायऱ्या दोन्ही असल्या की काय होते, याचे आपल्याकडील उत्तम उदाहरण म्हणजे कोल्हापूर. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींनी कुस्तीच्या आखाड्याशेजारी फुटबॉललाही जागा दिली, शाहू स्टेडियमवर पेठापेठांचे संघ एकमेकांशी झुंजत राहिले, आणि त्याच शहरातील रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव पुण्यातील क्रीडा प्रबोधिनीच्या मार्गाने २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. तेथेही पेठ, तालीम, सरकारी प्रबोधिनी, राष्ट्रीय संघ अशा पायऱ्या होत्या. एकही पायरी गळाली असती, तर आज त्याचे नाव घेण्याचे कारण उरले नसते.

या पायऱ्यांतली पहिली म्हणजे मैदान. महाराष्ट्रातील प्रत्येक शहराच्या विकास आराखड्यात क्रीडांगणासाठी राखीव भूखंड दाखवलेले असतात; त्यांतील किती भूखंडांवर आज मुले खेळतात आणि किती भूखंडांचे आरक्षण मुकाट्याने उठवले जाते, याची चौकशी करण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. वाचकाने आपल्या नगरपालिकेच्या दप्तरी जावे, आपल्या प्रभागाचा नकाशा मागावा, आणि त्यातील हिरवी चौकट जमिनीवर कोठे आहे ते पाहून घ्यावे. ती सापडली नाही, तर अर्ज करावा. आणि अर्जाचे उत्तर आले नाही, तर दुसरा करावा.