हवामानाचा हिशेब (लेखांक 6) : जंगल गावाचे, खाते कुणाचे?

मागचा लेखांक बाकूपाशी संपला. नोव्हेंबर 2024 मध्ये तिथल्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी 2035 पर्यंत गरीब देशांसाठी वर्षाला 300 अब्ज डॉलर उभे करण्याचे कबूल केले. गरीब देशांची मागणी होती 1.3 लाख कोटी डॉलरची. ज्यांनी धूर सोडला त्यांनी एवढ्यावर सुटू नये, म्हणून भारताच्या प्रतिनिधीने भर सभेत हरकत घेतली. हरकत रास्तच होती. फक्त तोच न्याय चंद्रपूर-गडचिरोलीला लावून पाहिला, की दिल्ली-मुंबई देणेकऱ्यांच्या रांगेत दिसू लागतात.

चंद्रपूरचे कोळशावर चालणारे महाऔष्णिक केंद्र 2,920 मेगावॉटचे. तिथून निघालेली उच्चदाब वाहिनी सुमारे साडेसातशे किलोमीटरवर, भिवंडीजवळच्या पडघ्याला पोचते. वीज जाते, राख चंद्रपुरातच राहते.

या कोळशावर कर नव्हता असे नाही. 2010 मध्ये केंद्राने टनामागे 50 रुपये उपकर बसवला. 2016 पर्यंत तो 400 वर गेला. हेतू उत्तम होता: कोळशाच्या पैशातून स्वच्छ ऊर्जा. 2017-18 पर्यंत सुमारे 86,440 कोटी रुपये जमले. त्यातले स्वच्छ ऊर्जेच्या निधीत पडले जेमतेम 29,645 कोटी, आणि प्रत्यक्ष प्रकल्पांना मिळाले त्याहूनही कमी. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला आणि हा उपकर राज्यांची महसुली तूट भरून काढण्याकडे वळवला गेला. खाणीच्या शेजारी राहणाऱ्याच्या वाट्याला तो आधीही थेट येत नव्हता. नंतर तर नावापुरताही हवामानाचा राहिला नाही.

जंगलाच्या पैशाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. गडचिरोलीचे दोन-तृतीयांशाहून अधिक क्षेत्र वनाच्छादित. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या लोहखाणीचा पट्टा 348 हेक्टरचा. अशा प्रकल्पासाठी वनजमीन वळती केली की प्रकल्पवाल्याला दोन गोष्टींचे पैसे भरावे लागतात. एक, पर्यायी वनीकरणाचा खर्च. दुसरी, त्या जंगलाचे ‘निव्वळ वर्तमान मूल्य’, म्हणजे उभे जंगल पाणी, माती, हवा यांच्या रूपाने जे देत राहिले असते त्याची किंमत. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लावून दिलेली ही शिस्त. वर्षानुवर्षे ही रक्कम दिल्लीत साचत गेली. ऑगस्ट 2019 मध्ये केंद्राने 47 हजार कोटींहून अधिक रुपये राज्यांना दिले. महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे 3,844 कोटी आले.

हाच तो कॅम्पा, म्हणजे पर्यायी वनीकरणाचा निधी. 2016 च्या कायद्याप्रमाणे यातला 90 टक्के पैसा राज्याकडे आणि 10 टक्के केंद्राकडे राहतो. गावाचा टक्का कायद्यात लिहिलेलाच नाही. जंगल तुटले की मोहफूल, तेंदू, सरपण आणि गुरांची चराई बुडते ती गावाची. त्याच जंगलाची किंमत मात्र वनखात्याच्या आराखड्यातून खर्च होते.

या कायद्याचे विधेयक राज्यसभेत होते तेव्हा खासदार जयराम रमेश यांनी ग्रामसभेच्या संमतीची दुरुस्ती मांडली होती. नियमांत तरतूद करू, असे मंत्री अनिल दवे यांनी आश्वासन दिले आणि दुरुस्ती मागे घेतली गेली. 2018 च्या नियमांत जे आले ते ‘संमती’ नव्हे, ‘सल्लामसलत’. सल्ला ऐकून घेता येतो आणि बाजूलाही ठेवता येतो, हे सरकारी बैठकीला एकदा जाऊन आलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही.

गावांना एवढा पैसा झेपेल का, ही शंका नेहमी पुढे येते. उत्तर याच दोन जिल्ह्यांत आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. 27 एप्रिल 2011 रोजी याच जयराम रमेश यांनी, तेव्हा ते केंद्रीय पर्यावरणमंत्री होते, बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. तेव्हापासून बांबूची विक्री ग्रामसभा करते. चंद्रपुरातल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने तर हक्क मिळाल्यावर तेंदू तोडायचाच नाही असे ठरवले. तेंदूसाठी झाडे छाटली जातात, जंगलाला आगी लावल्या जातात, म्हणून समोर दिसणारे उत्पन्न गावाने सोडले. उत्सर्जन टाळण्यासाठी स्वतःच्या खिशाला अशी कात्री किती कंपन्यांनी लावली असेल? त्याबद्दल पाचगावला कुठल्या हवामान निधीतून भरपाई मिळावी, अशी सोय मात्र नाही. कॅम्पाचा हिशेब तुटलेल्या जंगलापासून सुरू होतो. राखलेल्या जंगलाला त्यात रकाना नाही.

पंधराव्या वित्त आयोगाने ही उणीव अर्धी ओळखली होती. केंद्रीय करांच्या वाटपात त्याने वन आणि पर्यावरणाला 10 टक्के भार दिला. गडचिरोलीच्या झाडांमुळे महाराष्ट्राची बाजू त्यात थोडी जड झाली. पण तो पैसा राज्याच्या तिजोरीत जातो आणि तिथून एटापल्लीला किती निघावा याचे सूत्र आयोगाने दिले नव्हते. बाकूत भारताने जे मागितले त्याची जिल्ह्यापुरती आवृत्ती अवघड नाही: राखलेल्या हेक्टरमागे ठरलेली रक्कम थेट ग्रामसभेच्या खात्यात, आणि हिशेब दरवर्षी गावासमोर.

थेट जिल्ह्यात राहणारा एक निधी 2015 पासून आहे. खाणींच्या स्वामित्वधनावर बेतलेले ते जिल्हा खनिज प्रतिष्ठान. तो पैसा खाणग्रस्त गावांवर खर्च होतो की जिल्ह्याच्या ठिकाणच्या इमारतींवर, हे पुढच्या लेखांकात पाहू.