पावलापावलाने फिरणारी मोटर

गोव्यातील खाजणशेती तुमच्यापैकी अनेकांच्या परिचयाची आहे. खाडीच्या काठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली ही शेते. त्यांत कोरगुटासारखे खारेपणा सोसणारे भात पिकते. बांधांमध्ये पाणी आत-बाहेर सोडण्यासाठी लाकडी दारे बसविलेली असतात. त्यांस आपण मानस म्हणतो. भरतीच्या पाण्याच्या दाबाने ही दारे मिटतात आणि ओहोटीच्या वेळी आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. दार मोडले किंवा बांध फुटला, तर खारे पाणी शेतात शिरते आणि हाताशी आलेले पीक जाते.

आमच्या शाळेतील नववीच्या एका विद्यार्थिनीच्या घरी असेच घडले. म्हणून विज्ञान-प्रदर्शनासाठी तिने हाच विषय निवडला. पाण्याची पातळी पाहून फळीचे दार आपोआप वर-खाली करणारी प्रतिकृती तिने तयार केली. प्रदर्शनास दोन दिवस उरले असता ती खिन्न चेहऱ्याने माझ्याकडे आली. "बाई, मोटर नुसती गुणगुणते, दार काही उचलत नाही. मोटर खराब असावी. नवी आणायला आता पैसे नाहीत," ती म्हणाली.

मी भाषा शिकविते. माझी पदवी कलाशाखेची. तरीही आमच्या विज्ञान-शिक्षकांच्या मदतीने आम्ही दोघींनी दोषाचा शोध आरंभला. त्यातून जे शिकावयास मिळाले, ते येथे मांडीत आहे.

तिने आणलेली मोटर 'स्टेपर' जातीची होती. पंख्याची मोटर वीज मिळताच अखंड फिरत राहते. स्टेपर मोटर मात्र मोजून पावले टाकते. तिच्या आत तारेची वेटोळी असतात आणि मध्ये फिरणारे चुंबक असते. एका वेटोळ्यात विद्युतप्रवाह सोडला की चुंबक त्याच्याकडे ओढले जाऊन थांबते. मग पुढच्या वेटोळ्यात प्रवाह सोडावयाचा, की ते पुढचे पाऊल टाकते. आमची मोटर २८बीवायजे-४८ ह्या नावाने बाजारात मिळणारी, ५ व्होल्टांवर चालणारी होती. तिच्यातील चुंबक ३२ पावलांत एक फेरा पुरा करते. पुढे दंतचक्रांनी हा वेग सुमारे ६४ पटींनी कमी केलेला असतो. म्हणून बाहेरचा दांडा एकदा फिरण्यास सुमारे २,०४८ पावले लागतात.

फिरविण्याच्या जोराला 'टॉर्क' म्हणतात. तो मोजण्याची रीत सोपी आहे. रिळावर दोरी गुंडाळून वजन उचलावयाचे असेल, तर वजनाला रिळाच्या त्रिज्येने गुणावे. आम्ही प्रयोगशाळेतील स्प्रिंगचा काटा दोरीला अडकवून दार ओढून पाहिले. ओली फळी खाचेत घासत असल्यामुळे ती हलविण्यास २५० ग्रॅम ओढ लागत होती. रिळाची त्रिज्या होती २ सेंटिमीटर. म्हणजे ५०० ग्रॅम-सेंटिमीटर टॉर्क हवा. ह्या मोटरचा टॉर्क मंद गतीत, पूर्ण ५ व्होल्ट मिळाले असता, सुमारे ३५० ग्रॅम-सेंटिमीटर असतो. मोटर खराब नव्हती; तिच्यावर तिच्या शक्तीबाहेरचे काम लादले होते.

परंतु तिला ३५० तरी मिळत होते काय? चुंबकाची ओढ वेटोळ्यातील प्रवाहावर अवलंबून असते. ह्या वेटोळ्याचा रोध सुमारे ५० ओहम. म्हणून ५ व्होल्टांवर ०.१ अँपिअर प्रवाह वाहावयास हवा. मोटर चालविणाऱ्या यूएलएन२००३ ह्या चिपमध्येच सुमारे १ व्होल्ट खर्ची पडतो. उरलेल्या ४ व्होल्टांत ०.०८ अँपिअरच वाहतो. म्हणजे जोराचा पाचवा हिस्सा वाटेतच गेला! शिवाय तिने एका वेळी एकच वेटोळे चालू ठेवले होते. शेजारची दोन वेटोळी एकाच वेळी चालू ठेवली, तर दोन्हींच्या ओढी एकत्र येऊन सुमारे १.४ पट टॉर्क मिळतो. वीज अधिक लागते, एवढेच.

दार उचलत नाही असे पाहून तिने पावलांचा वेग वाढविला होता. आपण माणसेही असेच करतो. काम अडले की घाई करतो. येथे घाईने उलटेच होते. वेटोळ्यात प्रवाह एका क्षणात पूर्ण भरत नाही, त्याला थोडा अवधी लागतो. पावले फार भराभर मागितली, तर प्रवाह भरण्यापूर्वीच पुढच्या वेटोळ्याची पाळी येते आणि जोर घटतो. स्टेपर मोटरचे खरे बळ मंद गतीतच असते.

मग विद्युतदाब भरमसाट वाढवावा काय? तेही योग्य नव्हे. प्रवाह दुप्पट केला तर जोर फार तर दुप्पट होतो, परंतु वेटोळ्यात निर्माण होणारी उष्णता चौपट होते. अशाने मोटर जळावयाची.

खरा उपाय रिळात होता. २ सेंटिमीटर त्रिज्येचे रीळ काढून आम्ही अर्धा सेंटिमीटर त्रिज्येची बारीक नळी बसविली. २५० ग्रॅमांना अर्ध्याने गुणले, की १२५ ग्रॅम-सेंटिमीटर. मागणी एकदम चौथ्या हिश्श्यावर आली. मोटरसाठी ५ व्होल्टांचा स्वतंत्र वीजपुरवठा जोडला, दोन वेटोळी एकाच वेळी चालविली आणि पावले सावकाश ठेवली. दार हळूहळू, न अडखळता वर आले! निसर्ग मात्र फुकट काही देत नाही. पूर्वीच्या रिळावर ८ सेंटिमीटर उचलण्यास पाऊण फेराही पुरेसा होता. आता अडीच फेरे लागले. जोर चौपट झाला, वेग चौथाई झाला. चढावर सायकलचा गिअर बदलताना आपण हाच सौदा करतो.

एक गोष्ट मात्र राहिली होती, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची. साधी स्टेपर मोटर आज्ञा पाळते, पण आज्ञा पाळली गेली की नाही हे तिला कळत नाही. फळी गवतात अडकली, पावले चुकली, तरी नियंत्रक मोजतच राहतो आणि दार मिटले असे समजतो. तिकडे खारे पाणी आत शिरत असते. म्हणून तिने चौकटीच्या वर व खाली एकेक खटका बसविला. फळी खटक्याला टेकली तरच दार उघडले वा मिटले असे मानावयाचे. शिवाय लागेल त्याच्या दुप्पट तरी जोर हाती राखून ठेवावा, असेही आम्ही ठरविले. कारण पावसाळ्यात लाकूड फुगते आणि खाचेत चिखल साचतो.

प्रदर्शनात तिचे दार दिवसभर चालले. तिचे वडील ते पाहावयास आले होते. त्यांनी खटक्यांकडे बोट दाखवून पहिला प्रश्न विचारला, "दार अर्ध्यावर अडकलं तर कळेल ना?" तिने फळीखाली काडी घालून दाखविले; दार अडताच लाल दिवा लागला.

तेव्हा मित्रहो, तुमची मोटर गुणगुणत बसली, तर तिला लगेच दोष देऊ नका. आधी काट्याने ओढ मोजा, त्रिज्येने गुणा, प्रवाह पुरता पोहोचतो का ते पाहा आणि मग वेग कमी करा. नवी मोटर घेण्याचा विचार त्यानंतर करावा.